पडद्यावर सत्ता कोणाची?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांची चर्चा निघाली की एक आक्षेप हमखास घेतला जातो. या मंडळींना एक धड डेस्कटॉप करता येत नाही, असा तो आक्षेप. ग्नोम आहे, केडीई आहे, एक्सएफसीई आहे, माते आहे, सिनॅमन आहे, एलएक्सक्यूटी आहे. एकच काम करणारी ही साधने वेगवेगळ्या हातांनी घडविली जातात, मनुष्यबळ विभागले जाते आणि शेवटी एक ना धड, भाराभर चिंध्या अशी अवस्था होते. बड्या कंपन्यांच्या भाटांनी हा आक्षेप घ्यावा यात नवल नाही. नवल याचे की, नियोजनाची आणि संघटनेची भाषा बोलणारे पुरोगामी कार्यकर्तेही त्याला मान डोलावतात. सर्वांची शक्ती एकाच डेस्कटॉपमागे उभी राहिली असती तर मक्तेदार कंपनीला केव्हाच नमविता आले असते, असे त्यांना मनापासून वाटते.

वरकरणी बिनतोड दिसणारा हा युक्तिवाद तपासून घेतला पाहिजे. कारण त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. साधन कसे असावे हे ते घडविणाऱ्याने ठरवावे आणि ज्याला दिवसभर त्यावर राबावयाचे आहे त्याने ते मुकाट्याने शिकून घ्यावे, हे ते गृहीतक होय. श्रमिकांच्या चळवळीने कारखान्यात हे कधी मान्य केले नाही. मग संगणकाच्या पडद्यावर ते का मान्य करावे?

डेस्कटॉप म्हणजे काय, हे प्रथम साध्या शब्दांत सांगावयास हवे. संगणक सुरू झाल्यावर दिसणारी पट्टी, कार्यक्रमांची यादी उघडणारा मेनू, फाइली दाखविणारी खिडकी, ती खिडकी मोठी, लहान वा बंद करणारी बटणे, या साऱ्यांची मिळून जी व्यवस्था होते ती डेस्कटॉप. यंत्राच्या आत चालणारी मूळ प्रणाली सामान्य माणसाला दिसत नाही. त्याला दिसतो आणि त्याच्या हाताला लागतो तो डेस्कटॉपच. पतसंस्थेतील कारकून, छापखान्यात अक्षरजुळणी करणारा कारागीर, शाळेत निकालपत्रके तयार करणारी शिक्षिका यांच्या दृष्टीने हा सौंदर्याचा वा हौसेचा प्रश्न नाही. कोणते बटण कोठे आहे हे न पाहता त्यांचा हात तेथे जातो, आणि हाताची ही सवय हेच त्यांचे कसब असते. ते कसब एका रात्रीत निरुपयोगी ठरविले गेले तर नुकसान कोणाचे होते? बदल ठरविणाऱ्याचे खचितच नव्हे.

आता या कथित चिंध्यांचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, त्यांतील प्रत्येक चिंधीमागे कोणत्या ना कोणत्या तत्त्वाचा वा गरजेचा प्रश्न होता. १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ‘एक्स’ नावाची यंत्रणा जन्मास आली. युनिक्स संगणकाच्या पडद्यावर खिडक्या रेखाटण्याचे काम तिचे. तिच्या कर्त्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. खिडक्या रेखाटण्याची सोय आपण करावी, पण त्या कशा दिसाव्यात, कशा हलाव्यात, बटणे कोठे असावीत हे मात्र दुसऱ्या, स्वतंत्र कार्यक्रमावर सोपवावे. यंत्रणा एकाची, धोरण दुसऱ्याचे. या एका निर्णयामुळे युनिक्सच्या जगात डेस्कटॉप ही निवडीची गोष्ट ठरली.

एकीकरणाचा प्रयोग त्यानंतर झालाच नाही असे नव्हे. १९९३ साली एचपी, आयबीएम, सन आदी बड्या कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ‘कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ नावाचा समाईक डेस्कटॉप घडविण्याचे ठरविले. भांडवल होते, अभियंते होते, एकवाक्यता होती. परंतु त्याची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, बंद कपाटात होती. वापरणाऱ्याला तीत हात घालण्याची मुभा नव्हती. परिणाम असा झाला की तो डेस्कटॉप गोठून गेला. सन कंपनीने पुढे स्वतःच स्वयंसेवकांच्या ग्नोमचा आश्रय घेतला. कॉमन डेस्कटॉपची कपाटे उघडली ती २०१२ साली, जेव्हा आत डोकावण्याची फारशी कोणाला गरज उरली नव्हती. एक डेस्कटॉप म्हणजे प्रगती, असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला विसरू नये.

१९९६ साली जर्मनीतील माथियास एट्रिच या विद्यार्थ्याने सामान्य माणसासाठी केडीई प्रकल्प सुरू केला. काम उत्तम होते. परंतु त्याचा पाया असलेले ‘क्यूटी’ हे साहित्य एका नॉर्वेजियन कंपनीच्या मालकीचे होते आणि त्याचा परवाना मुक्त नव्हता. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधावे आणि मालकाच्या मर्जीवर त्यात राहावे, असा हा प्रकार. म्हणून १९९७ साली मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या तरुणांनी पूर्णतः मुक्त साहित्यावर ग्नोमची उभारणी आरंभिली. तेव्हाही श्रम वाया जात असल्याची ओरड झाली. पण दुसरा डेस्कटॉप उभा राहिल्यानंतर, २००० साली, क्यूटीच्या मालकांनी आपले साहित्य मुक्त परवान्याखाली दिले. दुसरे घर उभे राहिले नसते तर पहिल्या घराची जमीन मोकळी झाली असती काय? ज्याला ‘दुप्पट श्रम’ म्हणून हिणविले गेले, त्याच श्रमाने मालकीचा प्रश्न सोडविण्यास हातभार लावला.

यानंतरचा प्रसंग अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात प्रश्न बाहेरच्या मालकाचा नसून खुद्द मुक्त सॉफ्टवेअरच्या घरातील सत्तेचा होता. २००२ साली आलेला ग्नोम २ हा डेस्कटॉप सुमारे नऊ वर्षे चालला आणि असंख्य लोकांच्या हातात बसला. ६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३ प्रसिद्ध झाला. जुना मेनू गेला. चालू खिडक्या दाखविणारी पट्टी गेली. खिडकी तात्पुरती दूर सारण्याचे बटण गेले. सर्व काही ‘ॲक्टिव्हिटीज’ नावाच्या एका नव्या दालनातून करावयाचे असे ठरले. कर्त्यांचा हेतू दुष्ट नव्हता. पडद्यावरील गर्दी कमी व्हावी, माणसाचे चित्त एका कामावर राहावे, लहान पडद्यांवरही सोय व्हावी, असा त्यांचा विचार होता. परंतु चांगल्या हेतूने वरून लादलेला निर्णय हा लादलेलाच निर्णय असतो. शिवाय नव्या रचनेला चित्रप्रक्रियेचे अधिक बळ लागे. जुन्या यंत्रांसाठी ठेवलेली तात्पुरती पर्यायी सोय २०१३ सालच्या ३.८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. ज्याचे यंत्र जुने, त्याचा आवाज क्षीण. बळी तो कान पिळी हा न्याय मुक्त जगातही अवतरू शकतो, याचे हे प्रत्यंतर होते.

जुना आणि नवा ग्नोम एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदवावेत म्हटले तर तेही अवघड होते, कारण दोहोंच्या अनेक घटकांची नावे एकच होती. तेव्हा अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोम २ ची आज्ञावली उचलली आणि ‘माते’ या नावाने ती पुढे चालविण्यास घेतली. माते हे दक्षिण अमेरिकेतील श्रमिकांच्या आणि गृहस्थांच्या घरोघरचे पेय. संघर्ष टाळण्यासाठी घटकांची नावे बदलणे भाग होते; ती स्पॅनिश भाषेतून घेण्यात आली. फाइली दाखविणारा ‘नॉटिलस’ आता ‘काहा’, म्हणजे पेटी झाला; मजकूर लिहिण्याचे साधन ‘प्लूमा’, म्हणजे लेखणी झाले. स्वयंसेवकांनी केलेली मराठीसह अनेक भाषांमधील भाषांतरेही या वारशातून पुढे आली. त्याच सुमारास लिनक्स मिंटच्या मंडळींनी वेगळा मार्ग धरला. नवा पाया स्वीकारून त्यावर त्यांनी जुन्या वळणाचा ‘सिनॅमन’ उभारला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या वर्षी एक्सएफसीईकडे वळले आणि पुढे ग्नोममध्ये सुधारणा झाल्यावर आपखुशीने परतले. या परतण्याचाही अर्थ ध्यानात घ्यावयास हवा. ज्याला जाण्याची वाट मोकळी असते, त्याच्याच परतण्याला संमती म्हणता येते.

याच काळात मक्तेदारीच्या राज्यात काय घडत होते? ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि त्यातून ‘स्टार्ट’ बटण नाहीसे झाले. जगभर नाराजी उसळली. २०१३ मध्ये बटण परत आले, पण जुना मेनू आला नाही. तो परतला जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० सोबत. मधल्या काळात वापरणाऱ्याच्या हाती काय होते? इकडून तिकडून मिळविलेली ठिगळे लावावीत, जुन्या आवृत्तीला चिकटून राहावे किंवा कंपनीला पाझर फुटण्याची वाट पाहावी. तेथे ग्राहक अर्ज करू शकतो. इकडे वापरणारा काम हाती घेऊ शकतो. दोन्ही ठिकाणी असंतोष सारखाच होता. फरक होता तो साधनाच्या मालकीचा.

आता खर्चाचा हिशेब करू जाता, ‘दुप्पट श्रम’ हा आक्षेप घेणारे अर्थशास्त्राचा एक प्राथमिक भेद विसरतात, असे आढळते. पोलादाचे दोन कारखाने काढले तर दोन भट्ट्या लागतात, दुप्पट कोळसा लागतो. आज्ञावलीची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. शिवाय ही साधने पाया सामाईक ठेवतात. ग्नोम, माते, एक्सएफसीई आणि सिनॅमन हे चारही डेस्कटॉप जीटीके या एकाच साहित्यावर उभे आहेत. एकाने केलेली दुरुस्ती इतरांच्या उपयोगी पडते. गावची विहीर एक आणि घरोघरची चूल वेगळी, असे त्याचे स्वरूप आहे. सर्वांनी एकाच चुलीवर जेवावे असा आग्रह धरणाऱ्याने, त्या चुलीवर काय शिजावयाचे हे कोण ठरविणार, एवढे तरी सांगावे.

आणि असहमतीचा लाभ मूळ घरालाही होतो. ज्या ३.८ आवृत्तीत जुन्या यंत्रांची सोय गेली, त्याच आवृत्तीत ग्नोमला मेनू आणि खिडक्यांची पट्टी असलेली ‘क्लासिक’ पद्धत उपलब्ध करून द्यावी लागली. लोक दुसरीकडे जाऊ शकतात हे प्रत्यक्ष दिसले नसते तर ही सवलत मिळती काय? मजुराला दुसरीकडे काम मिळण्याची शक्यता असली की मालकाची भाषा मवाळ होते, हे सांगण्यास अर्थशास्त्राचे ग्रंथ उघडावे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, ही सारी जुन्याची ओढ आहे, प्रतिगामी वृत्ती आहे. हाही आरोप टिकत नाही. हातमागाचा विणकर जेव्हा यंत्रमागाविषयी प्रश्न विचारतो तेव्हा तो यंत्राचा शत्रू असतो असे नव्हे. लाभ कोणाचा आणि किंमत कोणी मोजावयाची, हे तो विचारत असतो. माते प्रकल्पाने आपला पाया जुनाट ठेवला नाही. २०१७ साली त्याने जीटीके ३ या नव्या साहित्यावर स्थलांतर पूर्ण केले. आतील यंत्र नवे झाले, बाहेरची मूठ हाताला बसलेली तीच राहिली. बदल असाही करता येतो, आणि वापरणाऱ्याचा मान राखून तो करता येतो.

येथवरचे विवेचन वाचून मुक्त सॉफ्टवेअरच्या समर्थकांनी समाधानाने हात चोळत बसू नये. खरी कसोटी पुढेच आहे. आज्ञावली उचलून वेगळा मार्ग धरण्याचा हक्क परवान्याने दिला आहे. पण हक्क असणे वेगळे आणि तो बजावण्याची ऐपत असणे वेगळे. केवळ कागदावर हक्क असल्याने भूमिहीनाला जमीन खरेदी करता येत नाही. ग्नोमच्या पाठीशी रेड हॅटसारख्या कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत. माते मूठभर स्वयंसेवकांच्या बळावर चालतो, त्याची १.२६ ही आवृत्ती २०२१ साली निघाली आणि त्यानंतरची १.२८ निघण्यास २०२४ साल उजाडले. उबुंटूच्या कंपनीने २०११ साली सर्वांपुढे ठेवलेला ‘युनिटी’ हा डेस्कटॉप २०१७ साली सोडून दिला. तो अनाथ झालेला डेस्कटॉप घेऊन भारतातील एका शाळकरी मुलाने २०२० साली स्वतंत्र संच तयार केला आणि २०२२ मध्ये त्याला उबुंटूच्या कुटुंबात अधिकृत स्थान मिळाले. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु २०२५ च्या ऑक्टोबरात ठरलेली त्याची आवृत्ती मनुष्यबळाअभावी निघू शकली नाही. जे ओझे एका कंपनीने टाकून दिले ते एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर किती काळ टिकणार? अशा वेळी कौतुकाच्या टाळ्या वाजवून मोकळे होणे ही सोईस्कर बेजबाबदारी होय.

त्यातच भांडवलाचा उंबरठा उंच होत चालला आहे. एक्सची जागा आता २००८ पासून विकसित होत असलेली ‘वेलँड’ ही व्यवस्था घेत आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने तिचे फायदे निर्विवाद आहेत. एक कार्यक्रम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकत नाही. परंतु एक्समध्ये वेगळी ठेवलेली दोन कामे, खिडक्या रेखाटण्याचे आणि त्यांचे धोरण ठरविण्याचे, वेलँडमध्ये एकाच कार्यक्रमाकडे येतात. म्हणजे पूर्वी जेथे केवळ धोरण लिहून डेस्कटॉप उभा करता येई, तेथे आता यंत्रणाही स्वतः उभारावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४९ ने एक्सवर चालण्याची जुनी सोय मूळ मांडणीत बंद ठेवली. एक्सएफसीईने डिसेंबर २०२४ च्या ४.२० आवृत्तीत वेलँडकडे पहिली, प्रायोगिक स्वरूपाची पावले टाकली. मातेचेही स्थलांतर चालू आहे. येथे दुबळ्यांना तारणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे सहकार. वेलँडसाठी लागणारी अवघड यंत्रणा ‘डब्ल्यूएलरूट्स’ या सामाईक साहित्यात एकदाच लिहून ठेवली गेली आहे आणि लहान प्रकल्प तिचा आधार घेऊ शकतात. शेतकऱ्याने एकट्याने साखर कारखाना काढावा, असे कोणी म्हणत नाही. पण दहा गावांनी मिळून तो काढला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

या देशात हा प्रश्न आज दाराशी येऊन ठेपला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण विनामूल्य आधार संपला. विंडोज ११ साठी ठरावीक पिढीचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती कंपनीने आवश्यक ठरविली आहे. धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे त्या अटीत बसत नाहीत. शाळा, ग्रंथालये, कामगार संघटना आणि लहान सहकारी संस्था यांच्या कपाळी नव्या खरेदीचा खर्च मारला जात आहे. यांपैकी पुष्कळ यंत्रांवर एक्सएफसीई किंवा माते आजही नीट चालतात. केरळने आपल्या शासकीय शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर उभे करून दाखविले आहे. तेव्हा हे व्यवहार्य नाही, असे म्हणण्यास जागा उरलेली नाही.

मात्र एक सावधगिरी पाळली पाहिजे. मक्तेदाराला हटवावयाचे म्हणून संस्थेच्या चिटणीसाने एक मुक्त डेस्कटॉप निवडून तो सर्व कर्मचाऱ्यांवर लादला, तर साहेब बदलला, साहेबी तशीच राहिली, असे होईल. जो हात त्या यंत्रावर चालणार आहे त्याच्यापुढे दोन-तीन डेस्कटॉप ठेवावेत, त्याला आठवडाभर काम करू द्यावे आणि मग त्याचा निर्णय मानावा. लिनक्सवर हे करण्यास पैसा लागत नाही. एकाच यंत्रावर दोन डेस्कटॉप बसविता येतात आणि दार उघडतानाच, म्हणजे संकेतशब्द देताना, ज्याला जो हवा तो निवडता येतो. निवडीनंतर वापरणाऱ्यांनी त्या प्रकल्पाचे देणेही फेडले पाहिजे. दोष आढळला तर तो नीट लिहून कळवावा. मराठी भाषांतरातील अपुरे आणि चुकीचे शब्द दुरुस्त करावेत. वाचलेल्या परवाना-शुल्काचा काही अंश दरसाल त्या स्वयंसेवकांना पाठवावा. आणि शासनाकडे मागणी करावयाची तर ती ‘एक राष्ट्रीय डेस्कटॉप’ अशी असू नये. सरकारी पैशाने नवे नाव, नवे बोधचिन्ह आणि नवी रंगसफेदी करण्यापेक्षा, सर्व डेस्कटॉपांना आधारभूत असणाऱ्या सामाईक साहित्यावर, भारतीय भाषांवर आणि अंध व अपंग वापरकर्त्यांच्या सोयींवर तो खर्च व्हावा, ही मागणी अधिक न्याय्य आहे. दृष्टिहीनाला पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनांसारखी कामे मूठभर स्वयंसेवकांच्या आवाक्यापलीकडची आहेत, आणि नफ्याच्या हिशेबात ती नेहमीच शेवटी येतात.

निवड नको, कार्यक्षमता हवी, असे म्हणणाऱ्यांना शेवटी एवढेच विचारावयाचे आहे की, कार्यक्षमता कोणाच्या घड्याळाने मोजली? २०११ साली कर्त्यांना नवी रचना कार्यक्षम वाटली, वापरणाऱ्या अनेकांना वाटली नाही. आणि ज्यांना वाटली नाही त्यांच्या हाती आज्ञावली होती म्हणून त्यांचे म्हणणे विरून गेले नाही. साधनावरील हुकमत राबणाऱ्याच्या हाती असावी, ही मागणी पडद्यावरील पट्टीपासून सुरू झाली म्हणून ती क्षुल्लक ठरत नाही. ती टिकवावयाची असेल तर मात्र ज्या मूठभर माणसांनी तिचे ओझे आजवर वाहिले, त्यांच्या जोडीला उभे राहणाऱ्यांची संख्या वाढली पाहिजे.